खापरहून समुद्राकडे बिऱ्हाड हलवताना : खोली कुठे घ्यावी, महिन्याला किती लागतील

खापर मोठ्या रस्त्यावरचे गाव. बुऱ्हाणपूरकडून येणारा हा रस्ता खापर सोडून पुढे गेला की थोड्याच वेळात गुजरात लागते. मग सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग आणि शेवटी अंकलेश्वर. तिथून खाली सुरत, वर भरूच आणि दहेज. म्हणून अक्कलकुवा तालुक्यातला माणूस कामासाठी समुद्राच्या बाजूला निघाला की बहुतेक वेळा राज्यच बदलतो. नंदुरबारहून ताप्तीच्या रेल्वेने गेला तरी उतरतो उधन्याला किंवा सुरतला. मिल, लूम, कापड बाजारातली हमाली, हजिऱ्याच्या कारखान्यांतले ठेकेदारी काम, बांधकाम, रिक्षा : पोट कशावरही असो, पहिला प्रश्न खोलीचा असतो, आणि खोली बहुतेकदा गाववाल्याच्या शब्दावर एका संध्याकाळी ठरते.

मला यात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. भाड्याचा आकडा पाहून खोली ठरवू नका. समुद्राजवळच्या शहरात पाणी, पूर, कामावर जाण्यायेण्याचा खर्च आणि राज्य बदलल्याने हातून जाणाऱ्या सवलती, या चार गोष्टी भाड्यात मिळवल्या तरच खोलीची खरी किंमत कळते.

दोन खोल्यांचा हिशेब

खालचे आकडे हिशेब समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या खोलीचे भाव त्यांच्या जागी घालून पाहा.

समजा कामाच्या ठिकाणापासून चालत पंधरा मिनिटांवर रूम-रसोडं ६,००० रुपयांना मिळते. नळाला महापालिकेचे पाणी आहे, लाईट बिल ६०० रुपये येते. महिन्याचे झाले ६,६००. दुसरी खोली शहराच्या कडेला आहे. भाडे ४,५००, लाईट तेवढीच ६००. पण तिथे बोअरचे खारे पाणी आहे, म्हणून पिण्यासाठी रोज वीस रुपयांचा एक जार, महिन्याला ६००. कामावर जायला शेअर रिक्षा, एका वेळेचे २० रुपये धरले तर २६ दिवसांचे जाऊन-येऊन १,०४०. एकूण ६,७४०. दीड हजाराने स्वस्त दिसणारी खोली महागात पडली, आणि रोजचा तास-दीड तास प्रवासात गेला तो वेगळाच. बारा तासांच्या पाळीवरून आलेल्या माणसाला तो तास झोपेतून द्यावा लागतो.

घरात दोघे कमावणारे असतील, एक पांडेसऱ्याला आणि दुसरी कापड बाजारात, तर खोली बाईच्या कामाजवळ बघा असे मी सांगेन. घरचे पाणी, मुले आणि स्वयंपाक तिच्याच वेळेतून निघतात. तिचा प्रवास वाचला की सगळ्या घराचा वेळ वाचतो.

लाईट बिलाचे आधीच विचारून घ्या. सुरतच्या जुन्या भागात टोरेन्टची वीज आहे, भोवतालच्या बऱ्याच भागात दक्षिण गुजरात वीज कंपनीची. चाळीत मात्र पुष्कळदा मालकाच्या नावचे एकच मीटर असते आणि खोलीखोलीला पोटमीटर. मालक युनिटला किती घेणार, हे करारात लिहून घ्या. समुद्राकडची हवा दमट असते. खापरला उन्हाळ्याची रात्र अंगणात काढता येते. इथे पंखा रात्रभर चालतो, पावसाळ्यातही.

पहिल्या दिवशी खिशात किती हवे

डिपॉझिट साधारण एक ते दोन महिन्यांच्या भाड्याइतके मागतात. वरच्याच ६,००० च्या खोलीला दोन महिन्यांचे डिपॉझिट १२,०००, पहिले भाडे ६,००० आणि दलाल मध्ये असला तर अर्ध्या भाड्याची दलाली ३,००० धरा. झाले २१,०००. अजून स्टोव्ह नाही, बादली नाही, गोधडी नाही. पगार महिना भरल्यावर, कित्येकदा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास होतो, म्हणजे जवळपास चाळीस दिवस घरच्या पैशावर काढायचे. एवढी रक्कम हाती नसेल तर मुकादमाची उचल घेऊन खोली करू नका. आधी एकट्याने जाऊन गाववाल्यांच्या खोलीत वाटा द्यावा आणि दोन पगार हातात आल्यावर बिऱ्हाड न्यावे. उचलीने सुरू झालेला संसार पहिले वर्ष मुकादमाच्या वहीतच राहतो.

करार अकरा महिन्यांचा होतो. नोटरी केलेला करार आणि भाडूत म्हणून पोलिसांकडे नोंद, या दोन्ही गोष्टी करून घ्या. सुरतच्या पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानुसार भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक असते. मालक टाळाटाळ करतात, पण या नोंदीचा उपयोग तुम्हालाच आहे. बँक, शाळा, गॅस, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. डिपॉझिट रोख दिले तर त्याचा आकडा करारात आलाच पाहिजे. परत मागताना तोंडी व्यवहाराला कोणी साक्षीदार उरत नाही.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून, स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरते. दुकानातून किलोवर बेकायदा भरून घेतलेला गॅस महागही पडतो आणि बंद खोलीत धोकादायकही.

पाणी कुठून येते, कुठे साचते

सुरतमध्ये खोली घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा.

प्रकाशा गावच्या पुलाखालून जाणारे तापीचे पाणी पुढे उकाई धरणात जाते आणि उकाईतून सुरतेत. धरणाची पूर्ण पातळी ३४५ फूट. पावसाळ्यात सुरतची माणसे हा आकडा रोज बघतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, अठवा, कतारगाम हे नदीकाठचे भाग फार वाईट बुडाले. सुरत समुद्राला लागून असल्याने भरती असताना नदीचे पाणी लवकर उतरत नाही. धरणाचे पाणी आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की त्या दोघांच्या मध्ये शहर सापडते.

आपल्या खानदेशी वस्तीला मात्र नदीपेक्षा खाडीचा त्रास जास्त वेळा होतो. लिंबायतजवळची मिठी खाडी, पर्वत गाम, गोडादरा, उधन्याकडची भेदवाड खाडी, या भागांत जोराच्या पावसात खाडीचा पूर येतो. वरच्या तालुक्यांतला पाऊस या खाड्यांतून समुद्राकडे जातो, भरतीच्या वेळी अडतो आणि वस्तीत शिरतो. धरणातून पाणी सोडण्याआधी इशारा मिळतो. खाडीचे पाणी मात्र मध्यरात्री दारात येऊ शकते. तळमजल्याच्या खोलीचे भाडे पाचशेने कमी असेल तर त्याचे कारण कित्येकदा हेच असते. एका पुरात गादी, पीठ, शिलाई मशीन आणि मुलांची पुस्तके गेली की वर्षभर वाचवलेले सहा हजार एका रात्रीत संपतात.

म्हणून खोली बघायला पावसाळ्यातच जा, शक्यतो अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा भरती मोठी असते. भिंतीवर पाण्याची रेघ आहे का ते पाहा. नवा रंग कमरेपर्यंतच दिला असेल तर विचारा. घरमालकाला विचारण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, “तुमच्या दुकानात पाणी कुठवर आलं होतं?” तो हात दाखवून सांगतो. ओळखीच्या वस्तीतच राहायचे असेल तर पहिल्या मजल्याला पाचशे रुपये जास्त द्यावेत.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच. सुरतला गोडे पाणी तापीतून मिळते. सिंगणपोरजवळचा बंधारा समुद्राचे खारे पाणी अडवतो आणि त्याच्या वरच्या बाजूने महापालिका पाणी उचलते. समुद्राच्या बाजूची बोअर बहुधा खारी असते. डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. खोली दाखवणाऱ्याला नळ उघडायला सांगा आणि घोटभर पिऊन बघा. पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, टाकी कोणाच्या ताब्यात आहे, हेही विचारा.

औद्योगिक वसाहतीला लागून, नाल्याच्या काठी खोली अजिबात घेऊ नका. ६ जानेवारी २०२२ ला पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून खाडीत बेकायदा रसायन सोडले गेले. तयार झालेल्या विषारी वायूने सहा कामगार मेले, वीसहून अधिक दवाखान्यात गेले. ते जवळच झोपलेले आणि काम करणारे लोक होते. भाडे वाचवण्यासाठी मिलच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

कोणता भाग कोणाला

लिंबायत, नवागाम, दिंडोली, उधना. इथे अहिराणी ऐकू येते, कानबाई बसते, बाजारात मराठी चालते. आजारपणात, बाळंतपणात शेजारी धावून येतात, आणि याची किंमत भाड्यात मोजता येत नाही. महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय या बाजूने जवळ पडते, उधना स्टेशनही. कुटुंब घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच राहावे, फक्त खाडीपासून दूर आणि वरच्या मजल्यावर.

पांडेसरा, भेस्तान, सचिन हा डाइंग मिल आणि कारखान्यांचा पट्टा. काम मिलमध्ये असेल तर प्रवास वाचतो. उधना दरवाजापासून सचिनपर्यंत बीआरटीएस बसचा वेगळा मार्ग आहे, त्या मार्गापासून चालत जाता येईल अशी खोली मिळाली तर रिक्षाचा खर्च उरत नाही. लहान मुले किंवा दम्याचा माणूस घरी असेल तर मी हा पट्टा टाळीन.

हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत ठेकेदारीचे काम मिळाले तर मोरा, कवास, इच्छापोर या गावांत खोल्या मिळतात. समुद्र अगदी जवळ, बोअर खारी, पत्र्याला गंज लवकर. एकट्या पुरुषांची वस्ती जास्त आणि मराठी शाळा हाताशी नाही. चार-सहा महिन्यांच्या कामाला ठीक, संसाराला नाही.

अंकलेश्वर खापरच्याच रस्त्यावर असल्याने येणे-जाणे सोपे. पण २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातली सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहत म्हणून अंकलेश्वरचे नाव पहिले होते. तिथे बोअरचे पाणी पिऊ नये, एवढी एक गोष्ट पाळा आणि खोली वसाहतीपासून दूर, गावाच्या बाजूला बघा.

सीमा ओलांडल्याचा खर्च

खापर-अक्कलकुव्यातल्या कुटुंबांना सर्वांत जास्त तोटा इथे होतो, कारण हा खर्च कुठल्या पावतीवर दिसत नाही.

पहिली गोष्ट जातीच्या दाखल्याची. भिल्ल महाराष्ट्रातही अनुसूचित जमातीत आहेत आणि गुजरातमध्येही. तरी नंदुरबारचा दाखला घेऊन सुरतला गेलेल्या कुटुंबाला गुजरात सरकारच्या नोकरीत किंवा तिथल्या कॉलेजच्या राखीव जागेत हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मारी चंद्रशेखर राव प्रकरणात हे स्पष्ट केले आणि २०१८ मध्ये बीर सिंह प्रकरणात पुन्हा सांगितले. दाखला आपल्या मूळ राज्यात आणि केंद्र सरकारच्या नोकरीसाठी चालतो. तेव्हा गावचा सातबारा, आजोबांचा शाळेचा दाखला, ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे जे काही कागद असतील ते, सुरतेच्या खोलीत ट्रंकेत ठेवू नका. खाडीच्या पाण्यात ते भिजले तर मुलाची जात पडताळणी अडेल. मूळ प्रती गावी कोरड्या जागी, सोबत फक्त झेरॉक्स.

दुसरी गोष्ट शाळेची. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात मराठीही आहे. ही फार मोठी सोय आहे आणि मूल लहान असेल तर निःसंकोच घ्यावी. २०२३ च्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा आहे. खापरच्या पोरांना गुजराती कानावरून गेलेली असते, त्यांना जड जात नाही. अडचण आठवीनंतर येते. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून लागते, इतर अभ्यासक्रमांतही त्याचा फरक पडतो. म्हणजे गुजरातमध्ये राखीव जागा नाही, आणि दहावी-बारावी तिकडे केली तर इकडचीही वाट अरुंद होते. मूल आठवीत असेल तर त्याला तळोदा प्रकल्पाच्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात ठेवण्याचा विचार करा. आई-बापांपासून दूर ठेवणे सोपे नाही, हे मला कळते. पण हा निर्णय कोणी न घेता आपोआप होऊ नये, समजून घेतलेला असावा.

रेशनबाबत मात्र आपल्या बाजूने चांगले झाले आहे. एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य देण्याची सुरुवात ९ ऑगस्ट २०१९ ला झाली, आणि पहिल्या दोन जोड्यांत एक जोडी महाराष्ट्र-गुजरातचीच होती. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, फुकट. चार माणसांचे वीस किलो बाजारात घ्यायचे म्हटले तर किती पडतील ते तुम्हीच मोजा. घरचे अर्धे खापरला आणि अर्धे सुरतला असतील तर आपापल्या वाट्याचे धान्य दोन्हीकडे उचलता येते. त्यासाठी प्रत्येकाचे आधार कार्डाशी जोडलेले हवे. निघण्याआधीच ई-केवायसी उरकून घ्या.

आयुष्मान कार्ड देशभर चालते, दवाखाना योजनेत आहे का ते आधी विचारायचे. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये महाराष्ट्रात राहणाऱ्या महिलेसाठी आहेत. बिऱ्हाडच कायमचे गुजरातला गेले तर ते धरून हिशेब करू नये. एसटीतले महिलांचे अर्धे तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. सणावाराला चार माणसे गावी येणार असतील तर उधन्याहून नंदुरबारपर्यंत रेल्वेचे जनरल तिकीट आणि पुढे एसटी, हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो.

ज्या कुटुंबात मुलगा-मुलगी दहावीच्या जवळ आहे आणि शिकण्यासारखी आहे, त्यांनी पालघर-बोईसरचा विचार जरूर करावा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळते, समुद्र तिथेही आहे, आणि राज्य आपलेच. दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, मराठी शाळा, सगळे चालू राहते. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत जाते आणि बोईसर त्याच मार्गावर आहे. गाववाले कमी भेटतील आणि गावी येणे जास्त लांबचे होईल. कारखान्याच्या भिंतीपासून दूर राहण्याची सूचना तारापूरलाही तितकीच लागू.

विकत घ्यायचे झाले तर

तीन पावसाळे भाड्याने काढल्याशिवाय घर विकत घेऊ नका. त्या काळात तो भाग बुडतो की नाही ते कळते, काम टिकते की नाही तेही.

गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. सर्व खरेदीदार महिला असतील तर ही नोंदणी फी माफ आहे. १५ लाखांच्या घरावर मुद्रांक ७३,५०० आणि फी १५,०००. घर फक्त बायकोच्या नावावर घेतले तर पंधरा हजार वाचतात आणि छप्पर तिच्या हक्काचे होते. माझ्या मते दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे आहे. १२ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,४०० रुपये. पदरचे तीन लाख आणि वरचे शुल्क धरून सुरुवातीला पावणेचार लाखांच्या वर रोख हवी. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि बाकीच्यांना ५. वापर परवाना, म्हणजे बी.यू. परमिशन, मिळालेल्या तयार घरावर लागत नाही.

नोटरीच्या कागदावर विकली जाणारी खोली किंवा बिनखेती न झालेल्या जमिनीवरचा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. नोटरीने मालकी मिळत नाही, दुय्यम निबंधकाकडचा नोंदणीकृत दस्त लागतो. बँक अशा खोलीला कर्ज देत नाही, याच एका गोष्टीवरून ओळखावे. सुरतच्या काही भागांत, लिंबायतसह, अशांत धारा लागू आहे. तिथे खरेदीखताआधी कलेक्टरची परवानगी लागते, आणि ती न घेता झालेला व्यवहार रद्द ठरू शकतो. गल्लीचे नाव घेऊन कलेक्टर कचेरीत विचारून या.

गाडी एमएच ३९ ची असेल आणि ती बारा महिन्यांहून जास्त गुजरातमध्ये राहणार असेल तर नंदुरबारच्या आरटीओकडून ना-हरकत घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. आणि गावाहून परतताना कोणी प्रेमाने मोहाची बाटली पिशवीत घातली तर ती काढून ठेवा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, जामिनाला लागणारा खर्च महिन्याच्या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवील.

सुरतच्या घरासाठी खापरची शेती विकण्याचा विषय निघाला तर थांबा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे पैसे पुढे करणारा माणूस बहुधा कायद्याच्या बाहेरचा व्यवहार सुचवत असतो. जमीन भावाला वाट्याने कसायला द्या आणि त्याचे दोन ओळींचे का होईना लिहून ठेवा. काम सुटले, मिल बंद पडली, खोली पाण्यात गेली तर परत यायला जागा तीच आहे.